गिरगावातली पिठाची गिरणी: बिल्डरकडून गाळा घ्यावा की पैसे?

दळणवाली

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की लोक "ऑनलाइन विका ना ताई" म्हणून मोकळे होतात.

ठाकूरद्वारजवळ एका वाडीच्या तोंडाशी आमची पिठाची गिरणी आहे. गाळा सासऱ्यांनी पागडीवर (मालकाला एकरकमी रक्कम देऊन, भाडेहक्काने) घेतलेला, धड दीडशे फूटही नाही. एक दगडाची चक्की, एक मिरची-मसाल्याचं कांडप, वर पोटमाळा. मिस्टरांना पिठाच्या धुळीचा त्रास सुरू झाला तेव्हापासून मीच उभी असते. राहतो डोंबिवलीला. म्हणजे गिरगावात दळते आणि डोंबिवलीत जेवते.

आमची इमारत सेसची (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत), 'अ' वर्गातली, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची. आता बिल्डर आलाय, वरच्या बहुतेकांनी सह्याही दिल्यात. आम्हाला दोन पर्याय दिलेत. एक, नव्या इमारतीत आत्ता आहे तेवढाच गाळा. पण जगन्नाथ शंकरशेट रोडच्या बाजूला मोठी शोरूम येणार, आम्ही मागे, गाड्या चढायच्या उताराशेजारी. मधली तीन वर्षं (असं ते म्हणतात) भाडं घ्या आणि कुठेही जा. दुसरा, एकरकमी पैसे घ्या आणि कायमचे सुटा. आकडा इथे लिहीत नाही, नाहीतर धागा त्या आकड्यावरच घसरेल.

मिस्टर म्हणतात, पैसे घे. मला निर्णय होत नाही, कारण मला कळत नाहीये की धंदा आत्ताच बुडतोय म्हणून सोडायचा, की हा रस्ता पुन्हा उभा राहील म्हणून थांबायचं.

रस्त्याचं सांगते. आमचं गिऱ्हाईक चालत येणारं. दळणाचा डबा घेऊन कोणी लोकल पकडत नाही. (एक काकू विरारहून चकलीची भाजणी घेऊन येतात, "तुझ्यासारखं जाडसर आमच्याकडे कोणी देत नाही" म्हणून. पण त्या वर्षातून एकदा, दिवाळीआधी.) मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी ज्वारी-बाजरीचे डबे, दुपारी गहू, संध्याकाळी ऑफिसातून सुटलेल्या बायका डबे न्यायला. डब्यावर नाव लिहायची गरज नसे, झाकणाच्या पोच्यावरून डबा कुणाचा ते सासरे सांगायचे. आषाढी एकादशीच्या आधी एक दिवस चक्की उघडून, धुऊन-पुसून फक्त उपासाची भाजणी, राजगिरा, शिंगाडा. त्या दिवशी दुसरं काही दळायचंच नाही. आता त्या दिवसासाठी चक्की उघडणंही परवडत नाही, इतकं थोडं येतं.

लोक म्हणतात पाकिटातल्या आट्याने मारलं, घरघंटीने मारलं. थोडं खरं आहे. पण आमचे डबे एकेक करून नाही गेले, जिन्याजिन्याने गेले. शेजारची चाळ रिकामी झाली त्या महिन्यात एका फटक्यात तिथले सगळे डबे थांबले. मग समोरची. प्रत्येक वेळी "आम्ही येतोय हो परत, तीन वर्षांत." त्यातले काही आले, सात-आठ वर्षांनी. तोवर ते बदलापूरला, नालासोपाऱ्याला रुळले होते, आणि इथली जागा भाड्याने देऊन तिकडेच राहिले.

मधल्या काळात मेट्रो तीनच्या, म्हणजे भुयारी मेट्रोच्या, कामाचे पत्रे. आमच्यासमोर फक्त एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट उरली होती. दहा किलोचा डबा घेऊन म्हातारी बाई त्या वाटेने कशी येणार?

तर प्रश्न असा. ज्यांची दुकानं अशा पुनर्विकासात गेली किंवा परत मिळाली त्यांनी सांगा: परत आल्यावर धंदा लागला का? आणि नव्या इमारतीत गिरणी चालू देतात का?

मुगभाट_ते_बोरिवली

ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी 1998 ला गिरगाव सोडलं. दर पाडव्याला शोभायात्रेला मात्र येतो, नऊवारीतल्या मुली बुलेटवर बघितल्या की ऊर भरून येतो. पण यात्रा संपल्यावर चहाला कुठे बसायचं म्हटलं की प्रत्येक वेळी एक ठिकाण कमी झालेलं असतं.

आमचं गिरगाव म्हणजे काय नव्हतं सांगा! 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' इथल्या कोरोनेशनमध्ये लागला, 1931 ला 'आलम आरा' मॅजेस्टिकला. आज मॅजेस्टिक म्हणजे शॉपिंग सेंटर. सेंट्रल सिनेमा गेला. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद होऊनही आता जमाना झाला, तिथल्या माशाच्या कालवणाची चव मात्र अजून जिभेवर आहे. बॉम्बे बुक डेपोत उभ्याने पुस्तकं वाचायचो, मालक काही बोलायचे नाहीत. 1893 ला केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो आपल्याच गिरगावात.

आणि साहित्य संघ! केळेवाडीतलं ते नाट्यगृह 1964 चं. रात्रीचा प्रयोग सुटला की साडेबारापर्यंत रस्ता जागा असायचा. पानवाला, दूधवाला, भजीवाला, सगळे.

माझं म्हणणं, गाळा सोडू नका. एक मराठी दुकान गेलं की तिथे कोण येतं ते आपल्याला माहीत आहे. गिरगाव विकलं ते आपल्याच लोकांनी.

कागदपत्र_आधी

भावना बाजूला ठेवून लिहितो, राग मानू नका. मी अशा प्रकरणांची कागदपत्रं बघतो.

33(7) खाली, म्हणजे सेस इमारतींसाठीच्या विकास नियमाखाली, तुमचा पुनर्विकास होतोय असं धरून चालतो. राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. दुकानाला मात्र आहे तेवढंच मिळतं, ते "किमान" तुमच्यासाठी नाही. संमती पूर्वी 70 टक्के लागायची, आता 51 पुरते. त्यामुळे वरच्यांच्या सह्या झाल्या असतील तर अडून बसण्याची तुमची ताकद वाटते त्यापेक्षा कमी आहे. जी काही ताकद आहे ती जागा रिकामी करायच्या आधी. किल्ली दिली की संपलं.

कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत करून घ्या, नकाशासकट, आणि नकाशावर तुमचा गाळा रंगवलेला असू दे. करारात नुसतं "व्यावसायिक गाळा" लिहून भागणार नाही. "पिठाची गिरणी" हे शब्द लिहून घ्या. मोटर किती अश्वशक्तीची, थ्री फेज जोडणी, पीठ उडतं त्यासाठी हवा बाहेर फेकायची सोय, चक्कीच्या वजनाला आणि हादऱ्याला पुरेल अशी जमीन. महापालिकेची कलम 390 ची (यंत्रावर धंदा चालवायची) परवानगी नव्या जागेत नव्याने काढावी लागेल, आणि तेव्हा सोसायटीने हरकत घेतली की तुमचा गाळा म्हणजे गोदाम. वरच्या मजल्यांवर जे कोट्यवधी देऊन आलेत त्यांना खाली सकाळी सातला चक्की सुरू झालेली चालणार नाही, हे मी लिहून देतो.

पैसे घेणार असाल तर विचारा: हा आकडा मालकाचा हिस्सा वजा जाऊन हातात येणारा, की त्यातून मालक परत मागणार? भाडेहक्क सोडल्याच्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागतो, तो धरला आहे का?

तिसरा पर्याय कोणी तुमच्यापुढे ठेवलेला दिसत नाही, तो मागून बघा. भाड्याऐवजी, काम चालू असताना जवळपासच चालू गाळा. बिल्डरांकडे दुसऱ्या इमारतींतले असे गाळे अडकून पडलेले असतात.

ऑपेरा_हाऊसचा_डबा

ताई, मी तुम्हाला बहुतेक ओळखतो. आमचं पोळी-भाजी केंद्र होतं, गहू तुमच्याकडे पोत्याने यायचा. तुमचे सासरे पोतं उघडून आधी मूठभर गहू दाताखाली फोडून बघायचे आणि म्हणायचे, "हा पोळीला मऊ येणार नाही, बदलून आण."

तुम्ही राहणाऱ्या माणसांबद्दल लिहिलंत, मी कामाला येणाऱ्यांबद्दल लिहितो. आमची गिऱ्हाइकं पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधली. हिऱ्याचा सगळा बाजार तिथे. रस्त्यात उभे राहून कागदाच्या पुडीत हिरे दाखवणारे दलाल, आणि वर हजारो कारकून, हिरे निवडणारे असॉर्टर, मौल्यवान माल पोचवणारे आंगडिये, शिपाई. दुपारी बारा ते दोन मान वर करायला वेळ नसे. 2010 च्या ऑक्टोबरात वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स हा नवा हिरेबाजार सुरू झाला. तरी निम्मेअधिक लोक म्हणत होते की आम्ही जाणार नाही, तिकडे स्टेशनापासून रिक्षा करा, जेवायला काही नाही. मग 13 जुलै 2011 चे बॉम्बस्फोट झाले, त्यातला एक आमच्याच गल्लीत. त्यानंतर कुणाला समजवावं लागलं नाही. वर्षभरात आमच्या पोळ्या निम्म्यावर, नंतर चौथाईवर. आम्ही नंतर शटर ओढलं. म्हणजे तुमचं पोतंही तेव्हाच बंद झालं.

रॉयल ऑपेरा हाऊस 1993 ला बंद पडलं होतं, 2016 ला दुरुस्त होऊन उघडलं. सुंदर केलंय, मी आत जाऊन आलो. पण तिथे येणारा टॅक्सीने येतो आणि कार्यक्रम संपला की टॅक्सीने जातो. त्याच्यावर पोळी-भाजी चालत नाही.

मी आता नेरळला असतो. पैसे घ्या असं म्हणावंसं वाटतं, पण घेतलेले पैसे कसे संपतात तेही पाहिलंय.

सोळावा_मजला

मी अशाच एका टॉवरमध्ये राहते. फणसवाडीकडे, जुनी भाडेकरू. थोडं कडू लिहिते.

चाळीबद्दल इथे फार हळवं लिहिलं जातं. आमच्या मजल्यावर सामायिक संडास होते आणि माझ्या आईला गुडघेदुखीत रात्री तिथवर जावं लागायचं. आता घरात संडास आहे, लिफ्ट आहे. मला कुणी परत चाळीत बोलावलं तर मी जाणार नाही. त्यामुळे "गिरगाव विकलं" वगैरे बोरिवलीहून ऐकवू नका, काका.

पण दुकानाचं ताई म्हणतायत ते खरं आहे, आणि त्यात मीही आले. पूर्वी जिना उतरलं की रस्ताच होता, उतरलंय तर दळण टाकू, कोथिंबीर घेऊ. आता खाली सात मजले गाड्यांचे. लिफ्टने खाली यायचं, गेटवर सही, मग रस्ता. उतरायचा कंटाळा येतो. किराणा फोनवरून वर येतो. आटा पाकिटातला. भाकरी घरात कोणी खात नाही, मी सोडून.

विक्रीचे जे फ्लॅट आहेत त्यातले कित्येक बंदच असतात. गुंतवणूक म्हणून घेतलेले. आमच्या बाजूने बघितलं तर वरच्या मजल्यांवर रात्री मोजकेच दिवे. तेव्हा "टॉवर झाला की माणसं वाढतील, गिऱ्हाईक वाढेल" हे बिल्डरचं गणित मनावर घेऊ नका. जुन्या इमारतीत चौघा-सहांनी भरलेल्या खोल्या होत्या.

आणि हो, आमच्या सोसायटीने खालच्या इस्त्रीवाल्यालाही हरकत घेतली होती. इस्त्रीला! तुमची चक्की तर दूरच.

मुगभाट_ते_बोरिवली

@सोळावा_मजला, टोला मान्य. तरीही सांगतो, मेट्रो आता सुरू झाली आहे. ऑक्टोबर 2025 पासून गिरगावला भूमिगत स्टेशन आहे. माणूस वरळीहून, कफ परेडहून थेट येईल. पाच वर्षं धीर धरा.

दळणवाली

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

बोरिवलीकर काका, मेट्रो छान आहे. मी स्वतः बसून आले, गार वाटलं. तिने येणारा माणूस मिसळ खाईल, पीयूष पिईल, फोटो काढेल. खाण्याच्या दुकानांना फायदा होईलही, झाला तर मला आनंदच आहे. पण शोभायात्रेला आणि मेट्रोने येणारं कोणी बाजरी घेऊन येत नाही. आणि नाटकाचं म्हणाल तर मी डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटक बघते. निर्माता प्रेक्षक राहतो तिथे प्रयोग लावणार. गिरगावचा प्रेक्षक बोरिवलीला प्रबोधनकारला आणि ठाण्याला गडकरीला बसलाय. साहित्य संघाने त्याला हाकलला नव्हता.

"तिथे कोण येतं ते माहीत आहे" असं तुम्ही लिहिलंत, ते मला आवडलं नाही. आज माझी जी चक्की चालते ती निम्मी भुलेश्वर, सी. पी. टँककडच्या गुजराती आणि मारवाडी घरांवर. खाखऱ्याला बारीक गहू, हिवाळ्यात बाजरी, ढोकळ्याला तांदूळ-डाळ रवाळ. त्यांच्या बायका पीठ चिमटीत घेऊन बघतात आणि जाड वाटलं तर परत पाठवतात, अगदी आमच्या जुन्या काकूंसारख्या. मला गिऱ्हाइकाची भाषा चालते कोणतीही. बंद फ्लॅट चालत नाही. आपली माणसं गेली याचं दुःख मलाही आहे, पण माझा गल्ला जातोय तो वर कुणीच राहत नाही म्हणून.

मध्ये मुलाने जनगणनेचे आकडे दाखवले. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. आमचा महापालिकेचा सी वॉर्ड दोन लाखांवरून 1 लाख 66 हजारांवर. हे मेट्रोचे पत्रे लागण्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे मी ज्याला "अलीकडे मंदी आहे" म्हणत होते ती मी लग्न होऊन आल्यापासूनच चालू होती, फक्त आमचा जिना शेवटी आला.

डबावाले दादा, ओळखलं! तुमच्या पोत्याला सासरे "हिऱ्याचा गहू" म्हणायचे. केंद्र बंद झालं ते कळलं होतं, नेरळला गेलात ते आत्ता कळलं.

सोळावा मजला, तुमचं सगळ्यात उपयोगी पडलं. इस्त्रीवाल्याचं वाचून मिस्टर नुसते माझ्याकडे बघत राहिले.

कागदपत्रवाले, तुमचे मुद्दे घेऊन मी बिल्डरच्या ऑफिसात गेले. "पिठाची गिरणी" हे शब्द करारात घालायला त्यांचा नकार. थ्री फेज देऊ, पण धंदा "सोसायटीच्या नियमांप्रमाणे". सोसायटी अजून झालेलीच नाही, नियम कुठले? चालू गाळ्याचं विचारल्यावर मात्र तो मुलगा जरा थांबला, आत जाऊन आला आणि म्हणाला, सी. पी. टँकच्या पुढे एक आहे, दाखवतो.

बघून आले. अंधारा आहे, शटर गंजलंय, पूर्वी पुठ्ठ्याचे खोके ठेवत असत. पण वर चार मजले भरलेले. गॅलरीत पापड वाळत होते, मुलं जिन्यात अभ्यास करत होती, आणि मी पायरीवर उभी असतानाच वरून एका बाईने विचारलं, "कसलं दुकान येतंय?" गिरणी म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, कांडप आहे का. ती इमारतही सेसचीच आहे, तीही कधीतरी जाणार. मालक म्हणतो अजून कोणी आलेलं नाही, पण तो असंच म्हणणार.

त्यामुळे आता बोलणी अशी चालली आहेत: मूळ जागेचे पैसे थोडे कमी घ्यायचे आणि त्या बदल्यात हा गाळा भाडेपट्ट्याने, आपल्या नावावर, गिरणीच्या वापरासह. नव्या टॉवरमधला उताराशेजारचा गाळा मला नको. मिस्टरांना अर्धं पटलंय. मालकाचा वाटा किती आणि कराचं काय, ते सीएला विचारून मगच सही करणार.

कागदपत्र_आधी

बरोबर चाललंय. एकच सांगतो, भाडेपट्ट्यावर खऱ्या मालकाची सही हवी, नुसती बिल्डरची नको. गाळा त्याच्याकडे कुठल्या कागदाने आला ते बघितल्याशिवाय चक्की हलवू नका. आणि इमारत पाडायची वेळ आली तर तुम्हाला काय मिळणार, तेही आत्ताच लिहून घ्या.

ऑपेरा_हाऊसचा_डबा

कांडप आहे म्हणून सांगितलंत ना त्यांना? उन्हाळ्यात मिरचीलाच खरे पैसे आहेत.

दळणवाली

@कागदपत्र_आधी, मालकाची सही डोक्यातच नव्हती. सोमवारी विचारते.

@डबा, सांगितलं हो. ती म्हणाली मग दळणाचं आधी सुरू करा, मिरचीचं नंतर, वर ठसका येतो!

आता वेगळाच प्रश्न. चक्की उघडून हलवायची तर त्याच वेळी दगड टाकवून (छिन्नीने पुन्हा खरबरीत करून) घेते. आमचे नेहमीचे टाकीवाले थकले, त्यांचा मुलगा या कामात नाही. दक्षिण मुंबईत किंवा कल्याण-डोंबिवलीकडे दगड टाकवणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाहेरगावचा असला तरी चालेल, येण्याजाण्याचं भाडं देईन.